शुक्रवारचा पिवळा भात

आमच्या मुलीच्या अंगात कोणीतरी येते, असे आमच्या घरात दीड वर्ष धरून चालले होते. वाक्य मी मुद्दाम असे लिहिले आहे. येत होते असे मी म्हणत नाही आणि येत नव्हते असेही म्हणत नाही. धरून चालले होते, एवढे मात्र नक्की माहीत आहे, कारण त्या घरात मी होतो.

काळ ऐंशीच्या दशकाच्या मधला. मुलगी तेव्हा सात वर्षांची, दुसरीत. भिवंडीत एका चाळीच्या पहिल्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या, आणि खाली व मागे लूमचे, म्हणजे यंत्रमागांचे, कारखाने. मागच्या भिंतीला तळवा टेकला तर थरथर हाताला लागायची. पेल्यातल्या पाण्यावर बारीक वर्तुळे उठत राहायची. त्या आवाजात आम्ही सगळे ओरडून बोलायचो आणि गावी गेलो की लोक विचारायचे, भांडण झाले आहे का. मी एका सायझिंगमध्ये हिशेबनीस होतो. विणण्याआधी सुताला खळ चढवतात, तो कारखाना. सूत किती आले, किती गेले, घट किती पडली, हे बघणे माझे काम. घट जास्त दिसली तर सूत कुठे गेले ते शोधावे लागते. हवेत गेले असे लिहून चालत नाही.

शुक्रवारी लूमला सुट्टी असायची आणि आमच्या सायझिंगलाही. आठवडाभर आवाजात राहिलेल्या माणसाला ती शांतता कानात कापूस घातल्यासारखी वाटते. गणपती होऊन गेल्यावरच्या अशाच एका शुक्रवारी दुपारी मुलगी शाळेतून आली, दप्तर टाकले आणि हसायला लागली. प्रथम मीही हसलो. मग लक्षात आले, तिच्या हसण्यात मध्ये श्वासच नाही. ती मोरीच्या कट्ट्यावर चढली, मांडणीवरची ताटे ओढून एकेक गॅलरीबाहेर फेकू लागली. बायको तिला धरायला गेली तर तिने तिच्या दंडाला चावा घेतला. लहान मूल चिडून चावते तसा नव्हे. सोडवायला मला दोन्ही हात लावावे लागले, आणि तेवढ्याशा अंगात एवढा जोर कुठून आला ते मला कळेना.

दिवेलागणीला ती थकून आडवी झाली. थोड्या वेळाने उठली आणि आईच्या दंडाकडे बघून म्हणाली, "हे काय लागलं तुला?"

"तूच चावलीस ना गं."

"मी नव्हते."

"मग कोण होतं?"

तिने विचार केला. खोटे बोलणारे मूल विचार करत नाही, त्याचे उत्तर तयार असते. "ती होती," मुलगी म्हणाली आणि पोळी मागितली.

शेजारच्या खोलीत एक जॉबर राहायचा, लूमची दुरुस्ती करणारा, उत्तरेकडचा. त्याची बायको ताटे गोळा करून वर घेऊन आली होती. ती आमच्या हिला म्हणाली, "भाभी, नज़र लगी है बच्ची को. मिर्ची जलाओ, और हँसो मत, मैं सच बोल रही हूँ." हसत कोणीच नव्हते. मिरच्या जाळल्या. आम्हालाच ठसका लागला.

त्यानंतर हे होत राहिले. मधल्या वारीही क्वचित, पण शुक्रवारी हमखास. मी आधी शांततेवर संशय घेतला. वाटले, आवाजात वाढलेले मूल, आवाज थांबला की बिथरत असेल. पण वीज गेली की लूम मंगळवारीही बंद पडायचे, बुधवारीही, आणि तेव्हा ती जिन्यात बसून मजेत सागरगोटे खेळायची. म्हणून ते कारण मी सोडून दिले. दुसरे कोणते माझ्याकडे नव्हते.

शाळेतल्या बाईंनी मला बोलावून घेतले. बाई वयाने मोठ्या, करड्या, मुलांना दम देणाऱ्या म्हणून नावाजलेल्या. वर्गाबाहेर उभे राहून खालच्या आवाजात बोलल्या, "तुम्ही रागावू नका. इतर मुलांना मी छडी दाखवते. हिला नाही दाखवत. ती बघते ना माझ्याकडे, मला भीती वाटते हो तिची." मग म्हणाल्या, "घरात काही... तसलं काही आहे का तुमच्या?" मी नाही म्हणालो. त्यांनी मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती. पुढच्या वर्षी तिला वर चढवतील, पण असेच चालले तर हेडमास्तर दाखला घेऊन जायला सांगतील, हेही त्यांनी सांगून ठेवले.

डॉक्टरांनी जंताचे औषध दिले आणि एक टॉनिक. टॉनिक नारिंगी रंगाचे आणि गोड होते. तेवढे एक औषध ती आपण होऊन मागायची.

वर्ष असे गेले. ती तिसरीत गेली. दिवाळीनंतर बायकोची थोरली बहीण आली. तिचे सासर अंबाडीच्या पुढच्या गावात, भाताची शेती. आम्ही सगळे तिला आक्काच म्हणायचो. अंगाने दणकट, बोलायला फटकळ, माझी चेष्टा करण्याचा तिला हक्कच होता. ती नेमकी शुक्रवारी आली आणि तिने सगळे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. पाहून झाल्यावर पदराने तोंड पुसून म्हणाली, "पोरीला भायेरचं हाय. डाक्टर काय बगंल त्यात?"

मी म्हणालो, "आक्का, असं काही नसतं."

"न्हाय कसं? तुमच्या आकड्यात भूत बसत न्हाय, म्हनून ते न्हाय व्हय पाव्हनं?"

"बसत नाही हे खरं आहे."

"मंग तुमचा आकडा बारका हाय. शुक्रवार कुनाचा वार? देवीचा. तुमचं लूम बंद पडतंय आनि देवी पोरीत येती. येवडं उगडं हाय."

बायको बहिणीचे ऐकत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. दीड वर्ष कसले, त्या एका वर्षातच तिच्या दोन्ही दंडांवर खुणा होत्या. माझ्याकडे नुसत्या डॉक्टरांच्या रिकाम्या बाटल्या होत्या.

आक्काबरोबर आम्ही तिच्या गावच्या भगताकडे, भूतबाधा बघणाऱ्याकडे, गेलो. गावाबाहेर, कारवीच्या भिंतींचे घर, शेणाने सारवलेले अंगण. म्हातारा मुलीशी चांगला बोलला, तिला बोरे दिली. सुपात तांदूळ घेऊन दाणे इकडेतिकडे सारत बसला. मग म्हणाला, "कोन तरी पोरगीच हाय. ल्हान. उपाशी हाय ती." आणि उपाय सांगितला. दर शुक्रवारी देवीला गोड पिवळ्या भाताचा नैवेद्य. पिवळाजर्द, केशरासारखा. दाखवून झाला की सगळाच्या सगळा मुलीने खायचा, दुसऱ्या कोणी शितालाही शिवायचे नाही. मुलीने खाल्ले म्हणजे तिच्यातल्या त्या उपाशी पोरीला पोचले. गुढीपाडव्यापर्यंत करून बघा. नाही निवली तर मुलीला इथे आणून ठेवायची, सहा महिने. ती उपाशी पोरगी म्हणजे देवीच, असे आक्काने धरले.

बायकोने होकारार्थी मान हलवली. त्या मान हलवण्याची मला भगतापेक्षा जास्त धास्ती वाटली. सहा महिने म्हणजे शाळा गेलीच. आणि त्या अख्ख्या पट्ट्यात भगताकडे राहिलेली मुलगी, हे नाव तिच्या अंगाला कायमचे चिकटले असते. मग ती कितीही शिकली असती तरी लग्नाच्या बोलण्यात कोणीतरी चौकशीला आलेच असते. पाडव्यापर्यंत मला काहीतरी शोधायला हवे होते. पण भाताला मी नाही म्हणालो नाही. भातच तर होता. भात खाऊन मुलाचे काय वाईट होणार, असे मलाही वाटले.

खऱ्या केशराचा विचार आम्हाला परवडणारा नव्हता. आमच्याकडे साखरभाताला, जिलबीला बाजारातला सुटा रंग वापरायचे, कागदाच्या पुडीत मिळणारा. कोणत्या कारखान्याचा, कशाचा, काही लिहिलेले नसे. भिवंडीत वाण्याचे दुकान आणि सुताच्या रंगाचे दुकान एका रांगेत, गोणीही सारखी दिसायची. कोणी विचारायचे नाही. चिमूटभर पुरतो, एवढेच दुकानदार सांगायचा.

शुक्रवारी दुपारी भात शिजायचा. बायको पाटावर पान मांडायची, उदबत्ती लावायची, मुलीला समोर बसवायची. मुलगी मनापासून खायची. गोड होता, वेलची असायची, कोणते मूल नाही म्हणेल? बोटे पिवळी, ओठ पिवळे. साबणाने धुतले तरी नखांच्या कडांना रंग राहायचा, शनिवारी वहीच्या पानांवर त्याचे ठसे उमटायचे.

आणि ती आधीपेक्षा जास्त बिघडली. पूर्वी संध्याकाळपर्यंत उतरायचे, आता शनिवारवर जाऊ लागले. एकदा तिने स्वतःच्याच केसांची बट ओढून काढली आणि ती हातात धरून बघत बसली, वेदनेचे नावही नाही. आक्काला निरोप गेला. ती आली, म्हणाली, "येनारच. आदी ती उपाशी व्हती, आता तिला जेवान मिळतंय. जिथं जेवान मिळतंय तिथं मानूस येतंच की."

या बोलण्यात कुठे बोट घालायला जागा नव्हती. बरे झाले तर भाताने, बिघडले तरी भात पोचतो म्हणून. भगताने सांगितले, रंग फिका पडतो आहे, पिवळा अजून गडद हवा. बायकोने चिमटीचा अर्धा चमचा केला.

त्या थंडीतली एक दुपार मला विसरता येत नाही. मी शेजारून हंडाभर पाणी घेऊन आलो. मुलगी पाटावर ताठ बसली होती, समोर रिकामे पान. बायको तिच्यापुढे गुडघे टेकून, हात जोडून म्हणत होती, "आई, सोड माझ्या लेकराला. तुला काय हवं ते देते. लेकराला सोड." आणि आठ वर्षांची आमची मुलगी स्वतःच्या आईकडे वरून खाली बघत होती. रागाने नव्हे. मोठ्या माणसाने लहान मुलाकडे बघावे तसे. मग म्हणाली, "अजून भात."

मुलाने ऐकून शिकलेली भाषा असेल. असणारच. तिच्या डोक्यावरून आम्ही रोज हेच बोलत होतो. भगताचे बोलणे तिने ऐकले होते, मावशीचे ऐकले होते. हे मी तेव्हाही स्वतःला सांगितले आणि आजही सांगतो. पण हंडा खाली ठेवायचे मला सुचले नाही, तो डोक्यावर घेऊनच मी उभा होतो. आणि बायकोने उठून पातेल्यातला उरलेला भात वाढला.

माघात चाळीत कावीळ आली. पाण्याच्या नळाजवळच गटार फुटले होते. जॉबरचा मुलगा आजारी पडला, खालची दोन मुले, मग आमची. डोळे पिवळे, नखे पिवळी, लघवी गडद. ती अंथरुणाला खिळली आणि आक्का पिशवी घेऊन राहायलाच आली.

कावीळ झालेल्या माणसाच्या तोंडात पिवळे जाऊ द्यायचे नाही, हा आमच्याकडचा जुना नियम. आक्काने तो डोळ्यांत तेल घालून पाळला. हळद बंद. वरणाला हळद नाही, भाजीला नाही. "पिवळं डोळ्यापुढं बी नगं," असे म्हणून तिने बायकोची पिवळी साडीसुद्धा ट्रंकेत टाकायला लावली. मुलीच्या डोक्यावर काविळीची माळ घातली, जी आजार उतरतो तशी सैल होऊन गळ्यात येते म्हणतात. उसाचा रस, मुळा, ताकभात. बाहेरचे काही नाही. डॉक्टरांचे नारिंगी टॉनिकही तिने बाजूला ठेवले. "ह्ये बी पिवळंच की." शुक्रवारच्या नैवेद्याचे काय, हे तिने आधीच भगताला विचारून घेतले होते. काविळीत देवीही पिवळे मागत नाही, दहीभात दाखवा, असे त्याने सांगितले.

पहिला शुक्रवार गेला. मुलगी पडून होती. दुसरा गेला. अशक्तपणा आहे, अंगात त्राण नाही तर काय येणार, असे सगळेच म्हणालो, मीही म्हणालो. पण मग माळ गळ्यात आली, डोळे निवळले, तिला भूक लागू लागली. ती उठून बसली, जिन्यात खेळायला गेली, एका मुलीशी भांडली आणि रडत वर आली. साध्या मुलासारखी रडत. शुक्रवार येत होते, लूम बंद पडत होते, शांतता होत होती आणि ती खिडकीत बसून चित्रे काढत होती.

मी बघत होतो. आजारपणात एकच गोष्ट बदलली असती तर बोट ठेवता आले असते. इथे पाच-सहा गोष्टी एकदम बदललेल्या. शाळा बंद, बाहेरचे खाणे बंद, टॉनिक बंद, भात पांढरा, आई चोवीस तास जवळ. कोणाला जबाबदार धरायचे?

पाडव्याच्या आधीच्या शुक्रवारी आक्का पुन्हा आली, मोठ्या आनंदात. देवी निवली, आता शेवटचा पिवळा नैवेद्य करून तिची पाठवणी करायची. बायको खूप दिवसांनी हसत होती. ती मुलगी बरी झाली म्हणून हसत होती, मी काय म्हणून अडवणार? रंगाची पुडी फडताळातून निघाली. रंग चांगला सढळ पडला, शेवटचा म्हणून.

मुलीने भात खाल्ला. आक्का आणि बायको ओटा आवरत गप्पा मारत होत्या. मी मुलीकडे बघत होतो. तिने चित्राची वही घेतली, एक रेघ ओढली, मग तीच रेघ पुन्हा, पुन्हा, पेन्सिलीने कागद फाटेपर्यंत, आणि मग फाटक्या कागदाखालच्या फरशीवर. मग तिने मान वर केली आणि ते बिनश्वासाचे हसणे सुरू झाले.

बायकोच्या हातातले पातेले खाली पडले.

दिवेलागणीनंतर मुलगी झोपली तेव्हा आम्ही तिघे जमिनीवर बसलो होतो. आक्काचा चेहरा उतरला होता. ती म्हणाली, "सात-आट शुक्रवार तिला उपाशी ठेवलं. कोपली. ऐतवारी पोरीला घेऊन जाते मी." बायकोने नाही म्हटले नाही.

मी म्हणालो, "आक्का, मला एक सांगू द्या. ती पुडी. त्या पुडीमुळे होतंय हे."

"पुडीत काय हाय? रंग हाय. साऱ्या दुनियेची पोरं जिलब्या खातात."

"खातात. सगळ्यांना होत नसेल. हिला होत असेल."

"आनि भात सुरू व्हायच्या आदी? तवा कुटं व्हती पुडी?"

प्रश्न बरोबर होता. मग मला शुक्रवारची आमची गल्ली दिसली. लूमला सुट्टी म्हणून सगळे फेरीवाले त्याच दुपारी यायचे, कारण कामगारांची मुले त्या दिवशी हट्ट करायची. बोटांत घालून खायच्या तळलेल्या पिवळ्याधमक नळ्या, नारिंगी गोळ्या, बर्फाच्या लाल कांड्या. शाळेतून येताना आमची मुलगीही खायची. जॉबरचा मुलगा तिच्याबरोबर तेच खायचा आणि त्याला काही व्हायचे नाही, हेही मी आक्काला सांगितले. माझ्या बाजूचे तेवढे सांगून विरुद्ध जाणारे लपवणे मला जमत नाही.

आक्का म्हणाली, "बगा. तुमचंच तुमाला जुळंना."

"नाही जुळत. पण रविवारी नेऊ नका. मी नैवेद्य थांबवा म्हणत नाही. पिवळाच भात करू. हळदीने करू. पुडी नको, बाहेरचं नको, टॉनिक नको. देवीला पिवळा हवा ना? हळदीचा पिवळा आहेच."

आक्काने माझ्याकडे बघितले. मग तिला हसू फुटले, खरे हसू. "हळदीचा गोड भात? देवीच्या तोंडाची चव घालवता का पाव्हनं?" पण ती तयार झाली. हळद देवाची, तिला नाही कसे म्हणायचे? पाडवा झाल्यावर बघू, म्हणाली.

हळदीचा तो गोड भात वाईट लागायचा. मुलगी तोंड वाकडे करून खायची. पण पाडव्यानंतरचा शुक्रवार कोरा गेला. त्याच्या पुढचाही. त्याच्याही पुढचा. आक्का म्हणाली, देवी हळदीवर मानली, आणि भगताला नारळ देऊन आली. मी म्हणालो, रंग थांबला. दोघेही मुलीकडे बोट दाखवत होतो आणि मुलगी दोघांच्याही म्हणण्याप्रमाणे शांत बसली होती. ती आमच्याकडेच राहिली, शाळेतही राहिली. चौथीच्या बाईंना तिच्याबद्दल काही सांगावेच लागले नाही.

पुडीत थोडा रंग उरला होता. तो पुन्हा एकदाच, तिला न सांगता, दुसऱ्या कशात तरी देऊन बघावा, म्हणजे कळेल, असे माझ्या मनात आले. बायकोशी बोललो. कामात मी असेच करतो. एकदा झाले तर चूक असू शकते, पुन्हा मोजायचे. बायकोने ऐकून घेतले, फडताळातून पुडी काढली आणि मोरीत रिकामी केली. पाणी ओतले तरी मोरीच्या फरशीचा पिवळेपणा जाईना, तेव्हा ती बसून घासू लागली. माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "तुमचं नाही जुळलं तरी चालेल. माझी पोर मोजायला नाही देणार."

म्हणून मला माहीत नाही. नव्वद सालाच्या आसपास वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत रंगांविषयी लेख येऊ लागले; काही मुलांना ते सोसत नाहीत, ती चळवळी होतात, असे काही डॉक्टर म्हणत आणि काही ते अमान्य करत. मी ते लेख बारकाईने वाचायचो. चळवळी, अस्वस्थ, हट्टी असे शब्द त्यांत असत. पाटावर ताठ बसून आईकडे वरून बघणाऱ्या मुलीबद्दल कोणी काही लिहिलेले मला सापडले नाही.

त्याच सुमारास एकदा तिला मी सगळे समजावून सांगितले. ती अकरा वर्षांची असेल. रंग काय असतो, पोटात जाऊन काय करू शकतो, काहींना कसा चालत नाही. तिने शांतपणे ऐकले आणि विचारले, "मग ती कुठे गेली?"

"ती नव्हतीच गं. रंग होता तो."

"रंग बोलतो का बाबा?"

मग तीच म्हणाली, "तुम्ही तिचं जेवण बंद केलंत ना." तक्रार नव्हती. शेजारच्या घरात काय घडले ते सांगावे तसे बोलली, आणि पुस्तक घेऊन गॅलरीत गेली.

पुढे काही वर्षांनी आक्काच्या मुलाचे लग्न होते. मुलगी तेव्हा कॉलेजात. आईपेक्षा उंच, अभ्यासात हुशार, माझ्यासारखीच आकड्यांत रमणारी. मांडवात पंगत बसली होती, मी आणि ती शेजारी शेजारी. वाढपी जिलब्यांचे ताट घेऊन येत होता, अगदी भडक नारिंगी. तो चार माणसे लांब असतानाच तिने दोन्ही हात पत्रावळीवर पालथे ठेवले, बोटे पसरून.

आक्का समोरून ओरडली, "अगं येक तरी घे! भावाचं लगीन हाय."

"नको मावशी."

मी म्हणालो, "घे की एखादी. एवढी मोठी झालीस, आता एका जिलबीने काय होणार आहे?" का म्हणालो ते सांगता येणार नाही. कदाचित माझ्यातल्या हिशेबनिसाला अजून मोजायचे होते.

"मला काही नाही होणार," ती म्हणाली. तिने हात काढले नाहीत. मग फक्त मला ऐकू येईल असे म्हणाली, "पण तिला कळेल."

वाढप्याने तिला ओलांडून माझ्या पानात दोन जिलब्या टाकल्या आणि तो पुढे गेला. तिने हात उचलले, वरण मागितले, भात कालवला आणि प्रवासाने भुकेलेल्या माणसासारखी भराभर जेवू लागली. मी माझ्या जिलब्या पत्रावळीच्या पलीकडच्या कडेला सरकवल्या, पानाचा तुकडा मोडून त्यांच्यावर झाकला, आणि ती जेवून उठेपर्यंत तो हाताने दाबून धरला.